चांदीच्या धावा आणि शेतकऱ्याची मोटारसायकल

गेल्या जूनमधली गोष्ट. मृग लागला होता आणि तालुक्याच्या बँकेसमोर पीककर्जासाठी सकाळपासून रांग होती. कुणीतरी रांगेचा फोटो सोडून बँकेबाहेर लावलेल्या मोटारसायकलींचा फोटो काढला आणि खाली एक ओळ टाकली : ‘यांना कर्जमाफी पाहिजे.’ दोन दिवसांत तो फोटो आमच्या भागातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून आला. ऑक्टोबर 2025 मध्ये शेतकरी कर्जमाफीसाठी ट्रॅक्टर घेऊन नागपूरच्या वेशीवर जमले, तेव्हा तोच फोटो पुन्हा वर आला. एक बाजू विचारते, हप्त्यानं गाड्या घेता येतात तर बँकेचे पैसे का भरता येत नाहीत? दुसरी बाजू उसळून म्हणते, शेतकऱ्याच्या पोरानं काय जन्मभर बैलबंडीतच फिरायचं का, त्यानं बुलेट घेतली तर तुमच्या पोटात का दुखतं? वाद तिथंच अडकून पडलाय.

मला दोन्ही बाजू पटत नाहीत, कारण दोघांचीही चूक एकाच जागी होते. दोघंही मोटारसायकलीला मिळकतीची खूण समजतात. एकाला त्यात उधळपट्टी दिसते, दुसऱ्याला मान. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आडवळणाच्या गावात राहतो, कोरडवाहू शेती करतो आणि माझ्या दारातही शंभर सीसीची एक गाडी उभी आहे. माझं म्हणणं असं की विदर्भाच्या खेड्यात ही गाडी शेतीचा आणि जगण्याचा खर्च आहे. या खर्चातला बराच वाटा एकेकाळी सार्वजनिक वाहतूक उचलत होती. तो हळूहळू एकेका घराच्या डोक्यावर आला, आणि आता त्याच घराला त्यावरून हिणवलं जातं.

असं हिणवणं इथं नवं नाही. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडून मँचेस्टरला जाणारा कापूस आटला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्या तेजीत इथल्या शेतकऱ्यांनी बंडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या, अशी कहाणी इंग्रजी लिखाणात येते. बसवल्या असतील कुणी. हजारात दोघांनी, चौघांनी. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि उरलेल्या सगळ्यांच्या घरात सावकाराची वही तेवढी राहिली. पण लोकांच्या लक्षात चांदीच्या धावा राहिल्या. कुणब्याच्या हाती पैसा टिकत नाही, हे सांगायला ती कहाणी पिढ्यान्‌पिढ्या पुरली. दुसरा दाखला पश्चिमेकडचा आहे. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले, त्यांनी कर्जाचे कागद जाळले. त्याही वेळी साहेबलोकांचं ठरलेलं मत होतं की कुणबी लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानं हिशेब तपासला आणि लग्नखर्चाचा बाऊ गरजेपेक्षा जास्त केला जातो, असं नोंदवलं. खाण्यासाठी, बियाण्यासाठी, बैलांसाठी, सरकारी साऱ्यासाठी परत परत काढावी लागणारी किरकोळ कर्जंच रयतेला जास्त बुडवतात, असं त्या आयोगाला दिसलं.

लग्न डोळ्यांत भरतं, बियाण्याची उसनवारी दिसत नाही. त्या वेळच्या लग्नाच्या जागी आज मोटारसायकल आली आहे. बँकेबाहेर लावलेली गाडी फोटोत येते. दुबार पेरणीत मातीत गेलेल्या बियाण्याच्या थैल्या आणि बोंडअळीनं पोकळ केलेली बोंडं कोणत्या फोटोत येणार?

गाडी आमच्या दारात कशी आली, हे नीट पाहायला हवं. माझ्या वडिलांच्या तरुणपणी गावात एकच फटफटी होती, दूध गोळा करणाऱ्याची राजदूत. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं, ती धूर ओकत जायची, आणि लांबून आवाज आला की पोरं रस्त्यावर. पेट्रोल इतकं प्यायची की दुधाच्या धंद्याशिवाय ती परवडणं शक्य नव्हतं. 1985 ला हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली, शंभर सीसीची, चार स्ट्रोकची, लिटरमागे राजदूतपेक्षा कितीतरी जास्त पळणारी. तिच्या मागोमाग तशाच कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांची रांग लागली. पण गाडी स्वस्तात पळू लागली म्हणून खेड्यानं ती घेतली, हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मला माझ्या चुलत्यानं सांगितलं. तो म्हणाला, “बैल इकले तवाच गाडी आली घरी. शौक नोयता थो. वैरन पुरत नोयती, सालदार भेटत नोयता.” बैलजोडी गेली की बंडी गेली. बंडी गेली की वावरात खताची थैली नेणं, फवारणीचा पंप नेणं, दुपारचा डबा नेणं, तालुक्याहून औषध आणणं, सगळं अडलं. ट्रॅक्टर नांगरटीपुरता भाड्यानं येतो आणि जातो. रोजची ओझी वाहायला बैलाच्या जागी ही गाडीच आली. मागच्या सीटवर युरियाची थैली आडवी बांधून पांदणीतून जाणारा माणूस ज्यानं पाहिलाय, त्याला ही गाडी चैनीची वाटू शकते का?

चांगली बैलजोडी आज लाखाच्या पुढे जाते. शंभर सीसीची गाडी रस्त्यावर येईपर्यंत नव्वद हजारांच्या आसपास. हमीभाव ठरवताना उत्पादन खर्चात घरच्या बैलांचे श्रम रीतसर मोजतात, आणि ते योग्यच आहे. पोळ्याला बैलाची पूजा करताना कुणी म्हणत नाही की याच्या दारात लाखाची जोडी आहे, याला कसलं कर्ज? मग बैलाचं काम करणाऱ्या यंत्राबद्दलच असं का बोललं जातं?

जाण्यायेण्याचाही हिशेब करून पाहू. आमच्या गावाहून तालुका पंधरा किलोमीटर. बसनं एका बाजूचं तिकीट तीस रुपयांच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन साठ. मोटारसायकल लिटरला साठ किलोमीटर देते असं धरलं, तर तीस किलोमीटरला अर्धा लिटर पेट्रोल, पन्नासेक रुपये. दोघं गेले तर माणशी पंचवीस. घसारा, टायर, सर्व्हिसिंग मिळवलं तर एकट्याला बस थोडी स्वस्त पडेल, हे मला मान्य आहे. पण बस सकाळी एक आणि दुपारनंतर एक. सात-बारा काढायला गेलेला माणूस तलाठ्याकडचं काम अर्ध्या तासात उरकतो आणि परतीच्या गाडीसाठी चार तास स्टँडवर बसतो. त्या दिवसाची मजुरी बुडते, की सोयाबीन सोंगायच्या दिवसांत वावर तसंच उभं राहतं? गरिबाच्या वेळेला किंमत नाही असं धरलं, तरच बस परवडते. शहरातला माणूस वीस मिनिटं वाचवायला रिक्षा करतो आणि आम्हाला चार तास बसून राहायला सांगतो.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे, ते टाळून चालणार नाही. पहिला मुद्दा कर्जाचा. महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर फेडलं तर शून्य टक्क्यानं पडतं. मोटारसायकलीचं फायनान्स पंधरा टक्क्यांच्या पुढे सहज जातं. मग माणूस शून्य टक्क्याचं कर्ज थकवतो आणि महागड्या कर्जाचा हप्ता भरतो, हे बेशिस्तीचं नाही का? वरून पाहिलं तर आहे. पण हप्ता चुकला तर तिसऱ्या महिन्यात दोन माणसं येतात आणि गाडी ओढून नेतात. माझ्या शेजाऱ्याची भर बाजारातून नेली, मागच्या सीटवर किराणा बांधलेला होता. जे कर्ज थकलं की दुसऱ्या दिवशी रोजचं काम बंद पडतं, ते माणूस आधी भरतो. कोणताही व्यापारी असंच करेल. आणखी एक गोष्ट मला जास्त सलते. शोरूमवाला आधारकार्ड, पासबुक आणि चार सह्या घेऊन अर्ध्या तासात गाडी हातात देतो. विहिरीसाठी, ठिबकसाठी, गोठ्यासाठी कर्ज मागायला जा, चपला झिजतात. ज्या घराला सगळ्यात सहज मिळणारं कर्ज गाडीचंच आहे, त्या घरानं गाडीच घेतली तर आश्चर्य कशाचं?

दुसरा मुद्दा दिखाव्याचा. गावात बुलेट आहेत, खोटं कशाला बोलू. सायलेन्सर बदलून रात्री गल्लीतून उडवणारी पोरंही आहेत. त्याहून वाईट म्हणजे लग्नाच्या बैठकीत ‘पोराले गाडी पाहिजे’ हे वाक्य अजून उघड बोललं जातं, आणि पोरीच्या बापाला त्या गाडीसाठी वावर गहाण टाकावं लागतं. इथं मी कुणाचीच बाजू घेणार नाही. हुंड्यात गाडी मागणारा माणूस शेतकरी आहे म्हणून त्याला सूट नाही. तो गुन्हा आहे आणि तो गुन्हा म्हणूनच पाहिला पाहिजे. पण गावातल्या बुलेट हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्यांच्यावरून उरलेल्या सगळ्या दारांचा निकाल लावणं म्हणजे पुन्हा चांदीच्या धावांचीच कहाणी. आणि त्या पोरांची बाजू मांडायला धावणारे आमचे मित्रही नकळत तीच चूक करतात. बुलेट हा आमचा हक्क आहे असं म्हणताना ते वाद बुलेटवर नेऊन ठेवतात, आणि खताची थैली वाहणारी मळकी गाडी पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही.

तिसरा मुद्दा मरणाचा आहे, आणि तो सगळ्यात भारी आहे. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. त्यातली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेले 50,029. आमच्या पंचक्रोशीत गेल्या काही वर्षांत दसऱ्याच्या, दिवाळीच्या आसपास एखादं तरुण पोर गेलं नाही असं वर्ष मला आठवत नाही. हेल्मेट शोरूममधून येतं आणि माळ्यावर जातं. ‘इथंच तं जाऊन रायलो’ हे उत्तर मी स्वतः दिलेलं आहे, आणि ते चुकीचं आहे. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25 हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद कडक आहे आणि ती असायला हवी.

तरीही एक प्रसंग सांगतो. तीन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत एका मजूर बाईला वावरात घोणस चावली. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेली होती. दोन पोरांनी तिला गाडीवर मध्ये बसवलं, मागच्यानं घट्ट धरलं, आणि बावीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात नेलं. बाई वाचली. मोटार वाहन कायद्याप्रमाणे ती ट्रिपल सीट होती, म्हणजे गुन्हा होता. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, तो जीव वाचवण्यासाठीच केलाय. पण तो मोडल्याशिवाय त्या दिवशी जीव वाचत नव्हता, हे ज्या गावात घडतं तिथं नुसता दंडाचा आकडा वाढवून काय होईल? दुचाकीवरचं मरण कमी करायचं तर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे माणसाला दुचाकीशिवाय जायची सोय असणं. हेल्मेटसक्तीबद्दल पोटतिडकीनं बोलणारे लोक बसबद्दल तितक्याच पोटतिडकीनं बोलताना मला फारसे दिसले नाहीत.

गाडी म्हणजे चैन, हे मत नुसतं पारावरचं नाही, ते सरकारी दरपत्रकातही होतं. 2017 ला जीएसटी आला तेव्हा शंभर सीसीच्या मोटारसायकलीला 28 टक्के कर बसला, मोटारींच्या पंगतीचा. ट्रॅक्टरला 12 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींचा कर 18 टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरचा 5 वर. कमी झाला, चांगलं झालं. पण आठ वर्षं युरियाची थैली वाहणारी गाडी आणि एसी मोटार एकाच रकान्यात बसली होती. ज्याला ट्रॅक्टर झेपत नाही तो मोटारसायकलीवर शेती करतो, आणि कर त्यालाच जास्त लागतो. अजूनही.

रस्त्यांचं काय? कापूस मुंबईला न्यायला इंग्रजांनी आमच्याकडे रूळ टाकले. 1867 पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली, 1870 ला खामगावच्या कापूस बाजारासाठी खास फाटा काढला आणि त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची अरुंद रुळांची शकुंतला ही त्याच धोरणातली. ती कापसासाठी आली असली तरी पुढे माणसांची झाली. मजूर, भाजीवाल्या, शाळेची पोरं तिच्यातून गेली. आज तिच्या रुळांत काट्याची झुडपं वाढली आहेत. तिचे रूळ रुंद करा, असं लोक वर्षानुवर्षं मागत आहेत. त्याच काळात नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला. डिसेंबर 2022 ला पहिला टप्पा, जून 2025 ला शेवटचा. रस्ता उत्तम आहे, माल आणि माणसं वेगानं जातात, हे मला मान्य आहे. पण त्याच्यावर दुचाकीला बंदी आहे, ट्रॅक्टरला बंदी आहे. त्या वेगात दुचाकी नको, हेही बरोबर. म्हणजे वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाण्यातल्या ज्या शेतकऱ्यांची वावरं त्या रस्त्यात गेली, त्यांच्याकडे जे वाहन आहे ते त्यावर नेता येत नाही. त्यांची गाडी खालच्या बोगद्यातून, पावसाळ्यात चिखल तुडवत, पांदणीनं जाते. या पांदणी नीट करायला सरकारनं मातोश्री नावाची योजना काढली, कामं कुठं झाली, कुठं अडली. इतक्या मोठ्या रस्त्याच्या कडेला राहणाऱ्याला स्वतःच्या वावरात जायला रस्ता नाही, ही गोष्ट फोटोच्या लायक नाही का?

आता ज्या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, तो सांगतो. फोटो टाकणाऱ्यांनी तो घेतलेला नाही. तो माझ्या बायकोनं घेतला. ती म्हणाली, “गाडीचं इतकं सांगून रायले, गाडी कोनाची आहे?” खरं आहे. माझ्या गावात जवळजवळ सगळ्या गाड्या पुरुषांच्या हातात आहेत. अपडाऊन करणाऱ्या शिक्षिकेकडे आणि एका आशाताईकडे स्कुटी आहे, बाकी बायका कुणी नेलं तर जातात. मोटारसायकल हा ज्यानं त्यानं आपल्यापुरता काढलेला मार्ग आहे. पुरुष बस सोडून गेले, बस रिकामी धावू लागली, प्रवासी नाहीत म्हणून फेरी कमी झाली, फेरी कमी झाली म्हणून उरलेल्यांनीही गाड्या घेतल्या. पूर्वी काळीपिवळी तरी होती, दहाजणांच्या जागी पंधरा कोंबायची, पण यायची. तीही तोट्यात गेली. आमच्या गावात एसटीची मुक्कामी गाडी यायची. रात्री आठला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओट्यावर निजायचे, पहाटे साडेपाचला हॉर्न वाजायचा आणि अर्धा गाव त्यावर घड्याळ लावायचा. ती बंद झाली तेव्हा मोर्चा निघाला नाही. का निघाला नाही? ज्यांच्या आवाजाला गावात वजन आहे, त्या सगळ्यांच्या दारात तोवर गाडी उभी होती. माझ्याही.

फोटोवाल्यांनी मांडलेल्या नुकसानीपेक्षा हे नुकसान मला मोठं वाटतं. गाडीनं घर कर्जात गेलं असेल, पण तिनं गावाला बसबद्दल गप्प केलं. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या पगाराच्या, नोकरीच्या सुरक्षेच्या होत्या, आणि संपाच्या सुमारास त्यांनी केलेल्या आत्महत्या आम्ही शेतकऱ्यांनी तरी समजून घ्यायला हव्या होत्या. त्या साडेपाच महिन्यांत पुरुषांचं फारसं अडलं नाही. अकरावी-बारावीच्या पोरींचं अडलं, डायलिसिसला जाणाऱ्या म्हाताऱ्याचं अडलं. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट प्रवास त्याआधीच मिळाला होता. ज्या गावात फेरी आहे, तिथं या सवलतींनी बायकांचं जाणं-येणं वाढलं, हे मी पाहिलंय. बाजारच्या दिवशी बस बायकांनी भरलेली असते. म्हणजे प्रवासी नाहीत, हे खरं नाही. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या शाळेच्या वेळेला आल्या, तिथं पोरी आठवीनंतर घरी बसल्या नाहीत. ज्या वळणावर ती निळी गाडी येत नाही, तिथं बाप काय करतो? पोरीला गाडीवर सोडतो. पेरणीच्या दिवसांत सोडणं जमत नाही, मग ती घरी राहते.

म्हणून गाडीला चैन म्हणणाऱ्यांना मी विरोध करतो, आणि गाडी आली म्हणजे खेड्याचं जाण्यायेण्याचं दुःख मिटलं असं समजणाऱ्यांनाही करतो.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी सकाळच्या आणि संध्याकाळच्या शाळेच्या वेळेला धरून दोन फेऱ्या मागणारा ठराव मांडणार आहे. तोंडी मागणीला ‘प्रवासी नाहीत’ हे उत्तर तयार असतं, म्हणून आम्ही काही जणांनी फाट्यावर वही ठेवली आहे. रोज कोण उभं होतं, कुठं जायचं होतं, किती वेळ थांबावं लागलं, एवढंच लिहायचं. पहिल्या पानावर नोंद आहे : सोमवार, सकाळी सव्वानऊ, कॉलेजच्या सात पोरी, दवाखान्यात निघालेली एक म्हातारी, तिच्यासोबत नातू, थांबले एक तास चाळीस मिनिटं. खालची ओळ बायकोच्या अक्षरात आहे. तिनं स्वतःचं नाव लिहिलंय आणि पुढे : माहेरी जायचं होतं, गेले नाही.